पेडल नसलेल्या हार्पचं संगीत

मी हार्प वाजवते म्हटलं की लोक माझ्या बोटांकडे बघतात. खरं तर पायांकडे बघायला हवं. हार्पच्या बुडाशी सात पेडलं असतात, तीन डाव्या पायाला आणि चार उजव्या. पेडल दाबलं की त्या सुराच्या सगळ्या तारा एकदम चढतात, वर घेतलं की उतरतात. समोरून बाई शांत बसलेली दिसते. खाली तिची नुसती धावपळ चाललेली असते.

दुबईतल्या एका हॉटेलच्या लॉबीत, दुपारच्या चहाच्या वेळी मी वाजवायचे. सिनेमातली गाणी, नाहीतर लग्नातली. लोक केक खात आणि मी वाजवत असे. या सगळ्याचा मला कंटाळा येऊ लागला होता. त्याच सुमारास मला शाळेपासून हार्प शिकवणाऱ्या फ्रेंच बाई कायमच्या मायदेशी निघाल्या. घर आवरताना त्यांनी छापील नोटेशनचा एक गठ्ठा माझ्या हातात ठेवला.

"हे आता कोणी वाजवत नाही," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "तू बघ काय जमतं."

शंभरेक वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये पेडल नसलेली हार्प निघाली होती. तिच्यात तारांच्या दोन रांगा एकमेकींना छेदून जायच्या आणि प्रत्येक सुराला स्वतःची तार असायची, म्हणून पायांना कामच नसे. तिच्यासाठी बऱ्याच जणांनी लिहिलं. पुढे ती हार्प मागे पडली आणि तिचं बरंचसं संगीतही कपाटात गेलं. गठ्ठ्यात तेच होतं.

त्यातला नाचाच्या ठेक्यातला एक छोटा तुकडा मला फार आवडला. पण मध्ये एका जागी सूर इतक्या भराभर बदलायचे की माझे पाय एकमेकांत अडकायचे. अल कुसैसच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी रोज तिथेच थांबायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

हे सगळं बाबा सोफ्यावरून ऐकत होते. रुवैसच्या रिफायनरीत कंट्रोल रूममध्ये त्यांची नोकरी झाली होती आणि निवृत्तीनंतर ते माझ्याकडे राहायला आले होते. एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "तू नेमकी तिथेच का अडतेस?"

"माय फीट आर टू स्लो, बाबा."

"मला नाही तसं वाटत. तू गरज लागल्यावर पेडल दाबतेस. आम्ही प्लांटमध्ये व्हॉल्व्ह आधीच फिरवून ठेवायचो."

मग ते जमिनीवर बसले आणि माझ्याकडून सातही पेडलांची माहिती काढून घेतली. दुसऱ्या दिवशी त्यांची योजना तयार होती. तीत डाव्या पायाने एकाच क्षणी तिन्ही पेडलं दाबायची होती.

"बाबा, आय हॅव ओन्ली टू फीट."

ते हसले, मग थोडा विचार करून म्हणाले, "डाव्याचं थोडं काम उजव्याला देता येत नाही का? तोच आवाज दुसऱ्या तारेतून निघत नाही?"

निघतो. एक तार चढवून जो सूर येतो, तोच शेजारची तार उतरवूनही येतो. ही युक्ती आम्हा वादकांना पाठ असते आणि मी ती एके ठिकाणी वापरतही होते. पण तीच लागोपाठ दोनदा वापरली तर डावा पाय मोकळा होतो, हे मला सुचलं नव्हतं. मी सावकाश वाजवून पाहिलं. ती जागा पार झाली.

"यल्ला, चल, परत," बाबा म्हणाले.

पुढे कित्येक दिवस ते पेडलांजवळ बसून सांगत राहिले, "डावा, आत्ता. उजवा."

हॉटेलचा लेबनीज मॅनेजर तो तुकडा लॉबीत वाजवू द्यायला तयार नव्हता. "हबीबी, लोकांना ओळखीचं हवं असतं," तो म्हणाला. शेवटी एकाच तुकड्याची परवानगी मिळाली. कोणी तक्रार केली की खलास.

त्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून जवळच्या टेबलावर बसले. मी सुरुवात केली. अवघड जागा आली आणि सवयीने त्यांच्या तोंडून खणखणीत आवाजात निघालं, "डावा, आत्ता."

माझा पाय बरोबर पडला. शेजारच्या टेबलावर साखरपुड्यानंतर चहाला आलेलं एक कुटुंब होतं. त्यातल्या वयस्कर बाईंनी चटकन मान वळवली. तुकडा संपल्यावर त्या उठून माझ्याजवळ आल्या.

"मराठी ऐकलं म्हणून आले. आम्ही रत्नागिरीचे, आता शारजाला असतो. कुठलं हो हे संगीत?"

"फ्रेंच आहे, जुनं. आता कोणी वाजवत नाही."

"का बरं? चांगलं तर आहे. पुन्हा वाजवाल का? आमच्या नवऱ्या मुलीला रेकॉर्ड करायचंय."

मी मॅनेजरकडे पाहिलं. त्याने हात वर करून खुशाल वाजव म्हणून खूण केली. मी पुन्हा वाजवलं. या वेळी बाबा तोंडावर हात धरून बसले होते.

नवऱ्या मुलीने ते रेकॉर्डिंग मला पाठवलं आणि मी ते माझ्या हार्पच्या बाईंना फ्रान्सला पाठवलं. त्यांचा लगेच फोन आला. इतकी वर्षं तो तुकडा त्यांनी फक्त कागदावर पाहिला होता, ऐकला कधीच नव्हता. थोडा वेळ त्या फ्रेंचमध्ये काहीबाही बोलत राहिल्या. मला अर्धंच कळलं, पण त्या खूष होत्या एवढं नक्की.

आता लॉबीत दर गुरुवारी चहाच्या वेळेतला थोडा वेळ त्या गठ्ठ्यासाठी असतो. सध्या आम्ही दुसरा तुकडा बसवतोय. एका जागी डाव्या पायाने दोन पेडलं एकदम दाबावीत, असं बाबांचं म्हणणं आहे. काल करून पाहिलं. जमतं, पण बूट काढून.