सोमवार सोडून

"ही गोळी काकू कशी घेत होत्या?" दौंडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी रिकामी स्ट्रिप हातात धरून विचारलं.

"सोमवार सोडून रोज. एकही चुकवली नाही," मी सांगितलं. मी निवृत्त शिक्षक. उत्तर पूर्ण द्यायची खोड जात नाही.

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. "गुरुजी, ही आठवड्यातनं एकदाच घ्यायची असते. फक्त सोमवारी."

सुमनला, माझ्या पत्नीला, संधिवात होता. याच डॉक्टरांनी महिन्यापूर्वी मेथोट्रेक्सेट लिहून दिलं होतं. सांध्यांची सूज उतरवणारी ही गोळी आठवड्याला एक घेतली तर औषध, रोज घेतली तर विष. हे मला त्या दिवशी कळलं.

चूक झाली ती खाली, औषधांच्या काउंटरवर. सुमनचा सोमवारचा उपास, लग्नाआधीपासूनचा. ती काउंटरवरच्या माणसाला म्हणाली, "सोमवारी उपाशीपोटी गोळी कशी घ्यायची वो?"

त्याच्या कानाला फोन होता. "मग सोमवार सोडून घ्या की, काकू. एवढं काय त्यात!" असं म्हणत त्याने पाकिटावर तेच लिहूनही दिलं. सुवाच्य अक्षरात.

मी शेजारीच उभा होतो. भेळेचा कागदसुद्धा वाचून फेकणारा माणूस मी. डॉक्टरांची चिठ्ठी मात्र घडी करून खिशात ठेवली आणि भिंतीवरचे त्यांच्या सत्काराचे फोटो बघत बसलो.

तीन आठवड्यांनी तिचं तोंड आलं. आमच्या गावच्या, न्हावऱ्यातल्या डॉक्टरांनी उष्णता सांगितली, ताक प्यायला लावलं. मग अंगावर निळे डाग, मग ताप. तेव्हा गाडी करून दौंड गाठलं.

रक्ताचा रिपोर्ट आला: बोन मॅरो सप्रेशन. म्हणजे हाडांच्या आत रक्त तयार होण्याचं काम बंद पडणं. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ उरल्याच नव्हत्या. गोळीवरचा उतारा म्हणून इंजेक्शनं सुरू झाली. "उशीर झालाय, पण बघू," डॉक्टर म्हणाले. त्या 'बघू'वर मी पाच दिवस काढले.

आयसीयूत दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं सोडायचे. तोंडातल्या फोडांमुळे तिला बोलणं जड जायचं. तिसऱ्या दिवशी कशीबशी म्हणाली, "गाईला पेंड टाकली का?"

"टाकली."

"खोटं बोलताय. तुम्ही हितं हाय, मग टाकली कुणी?"

मी हसलो. तिथल्या सिस्टरही हसल्या. दहा मिनिटं संपल्यावर त्यांनी घड्याळाकडे पाठ केली आणि मला आणखी थोडं बसू दिलं. त्या सिस्टरांचे उपकार आहेत.

पाचव्या दिवशी सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्ग रक्तातून सगळ्या शरीरात पसरणं. सहाव्या दिवशी दुपारी ती गेली.

कागदावर मृत्यूचं कारण सेप्सिस लिहिलं. खोटं नाही. अर्धं आहे. "गोळीचं लिहा," मी म्हणालो. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, आता लिहून त्या परत येणारेत का?" मी तो कागद तसाच घेतला.

तिचं तेरावं झाल्यावर मी त्या काउंटरवर गेलो. काय बोलायचं ते एसटीत चारदा घोकलं होतं. पाकीट पुढे ठेवलं. त्याने अक्षर ओळखलं, माणूस नाही. "कोणत्या काकू? रोज एवढी गर्दी असती, आबा." तो खोटं बोलत नव्हता. घोकलेलं सगळं घेऊन मी परत आलो.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं: औषध घेतल्यावर चिठ्ठी पाकिटाशेजारी धरून वाचा. रोज की आठवड्याला, हे विचारा. काउंटरवर कुणी काही बदललं, तर ज्याने लिहिलं त्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय दवाखान्याबाहेर पडू नका. मूर्ख दिसाल. दिसा.

माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या घेताना मी आता एकेक पाकीट वाचून घेतो. मागची रांग चुळबुळते. परवा एकजण म्हणाला, "आबा, उरका की! माझी एसटी जाईल."

"जाऊ दे," मी म्हणालो, आणि पुढची स्ट्रिप उलटी करून वाचायला घेतली.