अनवधानाने राहिलेलं नाव

शनिवार, १९ जानेवारी १९७४, सायंकाळी सहा. ऑफिसचं स्नेहसंमेलन. हजर : साहेब व त्यांच्या पत्नी, हवाईयन गिटारवर साहेबांचे मेहुणे, तबला आणि पेटीवर आमच्याच आवक-जावक विभागातले दोघे, कर्मचारी व त्यांची कुटुंबं, हॉल भरून. शेवटच्या रांगेत मास्तर, त्यांच्या पत्नी म्हणजे काकू, आणि काकूंची मौद्याहून आलेली बहीण. नोंद करणारी मी, करमणूक मंडळाची चिटणीस.

हजेरीत मी मास्तरांना विसरले नव्हते, हे आधीच सांगून ठेवते.

मास्तर कुठल्याही शाळेत शिकवत नव्हते. नागपूरच्या सदर भागात एका जिन्याखाली त्यांचं टेबल होतं आणि त्यावर रेडिओ दुरुस्त होत. त्यांना ओळखायची खूण एकच : चालू रेडिओच्या पोटात त्यांचा उजवा हात असे आणि डावा पँटच्या खिशात. नाक खाजलं तरी डावा बाहेर येत नसे. व्हॉल्व्हच्या यंत्रात माणूस मारण्याइतकी वीज असते. दोन्ही हात आत घातले तर ती एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताकडे जाते. मास्तर हे इतकं लांबवून सांगत नसत. म्हणत, "एक हात कामाले, एक हात जिवाले." सदरमधली पोरं त्यांना खिसेमास्तर म्हणत. त्यांनाही ते चालत असे.

आमच्या मंडळाने गिटारसाठी एक अ‍ॅम्प्लिफायर घेतला होता. कुणीतरी घरगुती जुळवलेला, रेक्झिन चढवलेला, तीन व्हॉल्व्हचा, बाजारातला सगळ्यात स्वस्त. त्याला दोन तोंडं होती, एकात गिटार आणि दुसऱ्यात निवेदनाचा माइक. चालू केला की तो घूं घूं करी. आवाज वाढवला की सूर फाटे. हवाईयन गिटारचा लांब, घसरत जाणारा सूर त्यातून पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा येई. साहेबांचे मेहुणे म्हणाले, यावर मी वाजवणार नाही. माझ्या यादीत काम चढलं : "खोकं दुरुस्त करणे. मुदत तीन आठवडे."

मास्तरांनी पहिल्या दिवशी काहीच केलं नाही. खोकं चालू केलं आणि गिटार न लावता नुसते ऐकत बसले. मी घड्याळ बघत होते. शेवटी म्हणाले, "याले आधी गप राहाले शिकवा लागते. मंग बोलाले लावू."

गप करण्यात एक आठवडा गेला. जुने वाळलेले कंडेन्सर निघाले, नवे लागले. आत तारा कुठेही, कशाही पत्र्याला टेकवलेल्या होत्या. त्यांनी त्या सगळ्या सोडवून एकाच बिंदूवर आणल्या. "सगळ्याईचे पाय एका जागी टेकले पायजे. नाई त जो तो आपलंच रडगाणं गाते." मग पेन्सिलीने एकेका व्हॉल्व्हला हलकी टिचकी मारली. दोन मुकाट राहिले, तिसरा स्पीकरमधून घंटेसारखा किणकिणला. "हा आजारी हाये," म्हणाले आणि त्याला बदललं. घूं घूं गेली. जिन्याखाली इतकी शांतता झाली की शेजारच्या घड्याळजींची घड्याळं ऐकू आली.

मी रोज ऑफिस सुटल्यावर यादी घेऊन जात असे. त्यावरून त्यांनी माझं नाव यादीबाई ठेवलं. एकदा विचारलं, "यादीबाई, भाजी आनाले जाता तरी कागद नेता का जी?"

"नेते."

"मंग भाजीवालीचं नाव लिवता का त्याच्यावर?"

"तिचं नाव कशाला लिहायचं?"

"तसं नाई," ते म्हणाले. "इचारून राहिलो."

सूर मात्र अजून पातळ होता. मास्तरांचं निदान : "गळा बरा हाये, छाती नाई." स्पीकर टीचभर, आणि त्याला वीज पोचवणारा ट्रान्सफॉर्मर काडेपेटीएवढा. मोठा स्पीकर मला बाजारात मनासारखा मिळेना आणि मुदत संपत आली होती. एका संध्याकाळी गेले तर खोक्यात छान आठ इंची स्पीकर बसलेला, जोडीला भरभक्कम ट्रान्सफॉर्मर. मागची फळी थरथरू नये म्हणून आतून वाकळीचा तुकडा चिकटवलेला. मास्तरांनी गिटारची एक तार छेडली. सूर आला तो गोल, उबदार, आणि सावकाश विरत गेला. घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं.

"कुठून आणला?" मी विचारलं.

"घरून. बायकोच्या रेडिओतून काढला."

"आणि त्यांचा रेडिओ?"

"मुका हाये सध्या. रागात हाये थे. मी सांगतलं तिले, तुयाच रेडिओच्या तोंडातून मायं नाव येईन, भरल्या हॉलात." मग प्रथमच जरा अडखळले. "तुमी आभार मानता ना शेवटी? त्या कागदावर एक ओळ माही ठेवसान का? तिले वाटते मी दिवसभर लोकाईचे डबे उघडून बसतो. एक डाव माइकवरून नाव आयकलं का झालं."

मी त्यांच्यासमोरच यादीत नाव लिहिलं. पूर्ण नाव, नववा क्रमांक.

कार्यक्रमाच्या दिवशी मेहुण्यांनी खोकं वाजवून पाहिलं आणि खूश झाले. पाहुण्यांना ते सांगताना मी ऐकलं की हे मुंबईहून मागवलंय, बाहेरचा माल आहे. मग त्यांनी माझ्या हातातला आभाराचा कागद सहज घेऊन वाचला. नवव्या क्रमांकावर थांबले. "हे कोण?"

मी सांगितलं.

त्यांनी आडनाव पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचलं. ते मला त्यांच्या ओठांवर दिसलं. एप्रिलात जयंतीच्या दिवसांत मास्तरांचं टेबल बंद असे, वस्तीतल्या गायनपार्ट्यांचे भोंगे सांभाळायला ते जात. आडनावावरून जे कळायचं ते नागपुरात लगेच कळतं. "राहू द्या हे," मेहुणे म्हणाले. "यादी उगाच लांबते."

मी तेव्हा तात्पुरत्या जागेवर होते. कायम करण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर होता. ही सबब मी बरीच वर्षं वापरली. पण मेहुण्यांनी धमकी दिली नव्हती, आवाजही चढवला नव्हता. त्यांनी कागद परत दिला आणि नवव्या ओळीवर रेघ मी मारली. माझ्या पेनाने, पट्टी लावून. माझ्या रेघा सरळ असतात.

गिटार त्या संध्याकाळी अशी वाजली की चहाचे कप वाजायचे थांबले. मग मी आभाराला उभी राहिले. मंडपवाला, खुर्च्या, चहा, हार, शिपाईमंडळी. आठव्यानंतर दहावा. शेवटच्या रांगेत मास्तर सरळ बसले होते, काकूंनी डोक्यावरचा पदर नीट केला होता. माझ्याच आवाजाला त्या स्पीकरने आधी कधी नव्हता इतका भारदस्तपणा दिला होता. त्या आवाजात मी शेवटचं, सगळेच म्हणतात ते वाक्य म्हटलं : "अनवधानाने कुणाचं नाव राहून गेलं असेल, तर त्यांचेही मनापासून आभार."

टाळ्या पडल्या. मास्तरांनी एकाच हाताने मांडीवर थाप दिली. दुसरा खिशात गेला होता.

लोक पांगल्यावर ते तिघं दाराशी उभे होते. मला टाळता आलं नाही. काकू नवऱ्याला विचारत होत्या, "तुमचं नाव केवा घेतलं जी? मले त आयकू नाई आलं."

"घेतलं ना वं," मास्तर म्हणाले. "सगळ्यात शेवटी. त्या 'अनवधान' म्हनल्या, थो मीच. हापिसात मले तेच म्हनतात."

"अनवधान?"

"मंग? मोठं नाव हाये. मोठ्या लोकाईतलं."

काकूंनी ते नाव एकदा सावकाश उच्चारून पाहिलं. बहिणीकडे बघितलं. मग माझा हात धरून म्हणाल्या, "चांगलं नाव देल्लं बाई तुमी. मी उगाच रेडिओसाठी भांडून राहिली होती."

मास्तर माझ्याकडे बघत होते. त्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. "आवाज बरा आला ना, यादीबाई?" एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. 

मार्चमध्ये मी कायम झाले. मास्तरांच्या जिन्याखाली जाणं हळूहळू बंद केलं. रस्ता बदलला तर सदर टाळता येतं. कधी समोर आलेच तर ते हात वर करून म्हणत, "काय यादीबाई, अनवधान हाये इथंच." चिडवण्यासाठी की सावरून घेण्यासाठी, हे मी विचारलं नाही. मला ते कळू नये असंच वाटत होतं.

पुढे घरोघरी ट्रान्झिस्टर झाले. व्हॉल्व्हचं काम घटलं, तरी मास्तर त्यांच्या टेबलावर होते. गेल्या वर्षी ते गेले. घड्याळजींनी ऑफिसात येऊन सांगितलं. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला लगेच ओळखलं आणि भोवतीच्या बायकांना सांगू लागल्या, "ह्याच त्या हापिसातल्या बाई. याईनंच माइकवरून नाव घेतलं होतं. हापिसात त्याईले अनवधान म्हनत." एका म्हातारीने मान डोलावली. तिला हे आधीपासून माहीत होतं. सगळ्या वस्तीला माहीत होतं.

तिथे बोलायला हवं होतं. मी पाणी प्यायले आणि उठले.

ते खोकं ऑफिसने भंगारात काढलं तेव्हा मी घरी आणलं. मागची फळी उघडली की वाकळीचा तुकडा तसाच आहे, तारा एका बिंदूवर आहेत. वाजतं. ते काकूंना पोचवणं सोपं आहे, रिक्षात बसेल. मास्तरांचं नाव इथे छापून टाकणंही सोपं आहे. पण जिच्या कानावर ते पडायचं होतं तिला वाचता येत नाही, आणि आधी तिच्यासमोर ते तोंडाने घ्यायला हवं. त्याबरोबर अनवधान या शब्दाचा अर्थही सांगायला हवा.

माझी आठवड्याची यादी मी अजूनही रविवारी सकाळी करते. झालेल्या कामांवर रेघ मारते, राहिलेली पुढच्या पानावर उतरवून घेते. आजच्या पानावर गॅसचा नंबर आहे, विम्याचा हप्ता आहे, धाकटीची वह्यापुस्तकं आहेत. वर, पहिल्या क्रमांकावर, गेल्या रविवारी होतं तेच आहे : काकूंकडे जाणे.