कुसुमताईंनी गोड सोडलं

आमच्या भजनी मंडळात प्रसाद वाटायचं काम माझ्याकडे आहे. शिरा असो की बर्फीचा तुकडा, कुसुमताई हात पुढे करायच्या, प्रसाद कपाळाला लावायच्या आणि शेजारच्या इंदुताईंच्या हातावर ठेवायच्या. इंदुताईंना वाटायचं, ह्यांना साखर झाली असेल. "तुमच्यापायी माझं वजन वाढून राहिलं," असं म्हणत त्या दोन्ही वाटे संपवायच्या.

कुसुमताई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. माहेर उमरेडचं. इतकी वर्षं नागपुरात काढली तरी त्यांच्या तोंडचं 'मले' आणि 'काहून' सुटलं नाही. त्यांना साखरबिखर काही नव्हती. साखर होती ती त्यांच्या यजमानांना, म्हणजे माझे थोरले दीर गोपाळराव, त्यांना. आणि ते चोरून जिलबी खायचे. "आजार माझा, पथ्य हिचं," असं सगळ्यांना हसत सांगायचे.

एके काळी कुसुमताईंसारखं गोड खाणारं माणूस आमच्या घरात नव्हतं. दिवाळीला अनारसे तळायला बसल्या की एक झाऱ्यावर आणि एक तोंडात. मी नवी सून होते तेव्हा दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की त्या मला स्वयंपाकघरात बोलवायच्या आणि पोळीवर तूप-गूळ घालून आम्ही दोघी उभ्या-उभ्याच खायचो. अशा बाईने गोड सोडलं, ते कशासाठी, हे मला एकटीला माहीत होतं. त्या दिवशी टेकडीच्या गणपतीला मी त्यांच्यासोबत होते.

त्यांची नात चिन्मयी, आमची चिनू, तेव्हा तीन वर्षांची होती आणि एक अक्षर बोलत नव्हती. हाक मारली तर वळून पाहायची नाही. पंखा मात्र तासन् तास पाहायची. धरमपेठेतल्या डॉक्टरांनी सौरव आणि सोनिकाला, म्हणजे कुसुमताईंच्या मुलाला आणि सुनेला, समोर बसवून सगळं समजावून सांगितलं होतं. ही वेगळ्या घडणीची मुलगी आहे, कदाचित बोलेल, कदाचित नाही बोलणार. सोनिका घरी येऊन दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी तिने बँकेतली नोकरी सोडली. कुसुमताई रडल्या नाहीत. टेकडीवर गेल्या, हात जोडले, आणि पायऱ्या उतरताना मला म्हणाल्या, "नीला, चिनू बोलेपर्यंत गोड तोंडात घालणार नाही. कोणाले सांगू नको वं. बोलून दाखवलेला नवस फळत नाही."

मी कोणाला सांगितलं नाही. मीसुद्धा देवाला मानणारी आहे, मला त्यात वावगं काही वाटलं नाही.

सोनिका चिनूला स्कूटरवर बसवून बोलणं शिकवणाऱ्या बाईंकडे न्यायची. तिथे त्यांनी चित्रांची कार्डं दिली होती. तहान लागली की मुलीने ग्लासचं कार्ड आणून द्यायचं, बाहेर जायचं असलं की चपलांचं. चिनू ते हळूहळू शिकली. पण कुसुमताईंना ती कार्डं डोळ्यांसमोर नको व्हायची. "चित्र दाखवून सगळं भेटलं तर पोरगी बोलेल काहून?" असं त्या मला म्हणायच्या. एका उन्हाळ्यात चिनूने पाण्याचं कार्ड आणून आजीच्या हातात दिलं. आजीने ग्लास भरला आणि वर धरून ठेवला. "पाणी म्हण, मग देतो." चिनू ग्लासाकडे पाहत राहिली. मग ओरडायला लागली, मग भिंतीवर डोकं आपटायला लागली. सोनिका ओल्या केसांनी न्हाणीघरातून धावत आली. तिने मुलीला पाणी पाजलं, सासूला एका शब्दाने बोलली नाही. पण त्या दिवसापासून कार्डांचं पाकीट ती स्वतःच्या पर्समध्ये ठेवू लागली.

कुसुमताईंनाही त्या दिवसाचं वाईट वाटलं होतं. पण त्यांचं म्हणणं असं की मी माझ्या जिभेला कोरडं ठेवलं आहे ते हिच्यासाठीच ना? मग थोडं हिनेही सोसावं.

ह्या डिसेंबरात कुसुमताईंना साठ वर्षं पूर्ण झाली. एकसष्टीला घरी पूजा, औक्षण, पुरणाचा स्वयंपाक, असं सौरवच्या मनात होतं. त्यांनी साफ नाही म्हटलं. पुरण केलं तर खावं लागेल, हे मला कळलं. सौरवला काय कळणार? मागे त्याने आईचं रक्त तपासून आणलं होतं, सगळं व्यवस्थित निघालं होतं. "तुझी फक्त सवय मोडली आहे आई," म्हणत त्याने गुपचूप बेत केला. शहराबाहेर उमरेड रोडला जे मोठं पार्क झालं आहे, पाळणे, झुकझुक गाडी आणि तलाव असलेलं, तिथे थंडीत शनिवारी संध्याकाळी तलावावर आतषबाजी असते. तलावासमोरच्या गच्चीवर बसून ती पाहायची आणि सोबत नुसत्या गोडाचं बुफे. आई-बाबा, हे तिघं आणि मी, अशी सहा तिकिटं त्याने काढली. माझे यजमान म्हणाले, मला थंडी वाजते, तुम्ही जा.

गच्चीवर पोचलो तेव्हा नुकता अंधार पडला होता. लांबच लांब टेबलांवर पांढरी कापडं, वर दिव्यांच्या माळा. गरम गुलाबजाम, मुगाचा हलवा, रबडी, संत्रा बर्फी, चॉकलेटचा कारंजा, एका कोपऱ्यात कढईतून थेट ताटात पडणारी जिलबी. गोपाळराव स्वेटरच्या बाह्या वर सारून जिलबीच्या रांगेत जाऊन उभेसुद्धा राहिले.

"बाबा, दोनच हं," सोनिका म्हणाली.

"मोजून दोन. मोठ्या मोठ्या," ते म्हणाले.

कुसुमताई नवी इरकल नेसल्या होत्या, वरून शाल. त्या सगळ्या गोडाकडे पाहून त्यांचा चेहरा मला पाहवेना. त्या हळूच म्हणाल्या, "ह्या पोराले दुसरं काहीच नाही सुचलं का वं?"

चिनूला सोनिकाने बुंदीची वाटी दिली होती. ती भात, दही आणि पोळी सोडून फारसं काही खात नाही. पण गोल वस्तूंचं तिला वेड. ती एकेक बुंदी उचलून ताटाच्या कडेने मांडत बसली, पिवळ्या मण्यांची माळ ओवावी तशी. खाल्ली एकही नाही.

तेवढ्यात सौरव आईसाठी ताट भरून घेऊन आला. रबडीवर जिलबी, शेजारी संत्रा बर्फी. "आई, आज नाही म्हणायचं नाही. एक घास. माझ्या हातून."

"मले नको रे बेटा."

"रिपोर्ट चांगला आहे तुझा. काहून नको?"

"पोट भरलं."

"घरून उपाशी निघाली तू!" त्याने बर्फीचा तुकडा त्यांच्या तोंडापाशी नेला. त्यांनी मान वळवली. त्याचा हात तसाच राहिला. मग त्याने तुकडा ताटात टाकला. "दोन वर्षं झाली, पाहून राहिलो मी. माझ्या प्रमोशनचा पेढा नाही खाल्ला. दिवाळीचं नाही. आज तुझी एकसष्टी. माझ्यावर राग आहे का तुझा? असला तर बोल ना एकदा."

गोपाळराव जिलबी घेऊन आले ते तिथेच थबकले. कुसुमताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पोराचा असा समज व्हावा, हे त्यांना सहन झालं नाही. त्या बोलून गेल्या, "तुह्यावर कायचा राग? चिनूसाठी सोडलं आहे मी. ते बोलेपर्यंत."

सौरव खुर्चीवर बसला. सोनिका मात्र उभीच होती. ती हळू आवाजात म्हणाली, "चिनूसाठी? आई, दोन-अडीच वर्षं रोज जेवताना तुम्ही देवाला हेच सांगत होत्या, की आमची मुलगी अर्धी आहे?"

"असं नाही वं सोनिका..."

"मग कसं? ती कार्ड घेऊन तुमच्याकडे आली होती. पाणी द्या म्हणून तिच्या भाषेत सांगितलं होतं तिने. तुम्हाला ऐकू नाही आलं, कारण तुम्ही दुसऱ्याच कशाची वाट पाहत होत्या."

मी मध्ये पडले, म्हटलं, "अगं, आज नको." दोघींपैकी कोणाची बाजू घ्यावी ते मला कळत नव्हतं. सोनिकाचं खरं होतं. आणि ज्या बाईने मला गूळ-पोळी भरवली तिचंही काही खोटं नव्हतं.

तेवढ्यात दिवे मालवले आणि तलावावर पहिला बार उडाला.

चिनूच्या कानांवर लावायचे मोठे हेडफोन गाडीतच राहिले होते. इतक्या लांबून काही होत नाही, असं सौरव म्हणाला होता. आवाज गच्चीच्या भिंतींवर आदळून दुप्पट होऊन येत होता. चिनू एकदा दचकली आणि मग तिने जी किंकाळी फोडली ती मी विसरणार नाही. ताट खाली पडलं. ती स्वतःचं मनगट चावू लागली. सोनिकाने तिला धरलं तर ती तिलाही बोचकारायला लागली. सौरव हेडफोन आणायला पळाला. वर आभाळात लाल-हिरवी फुलं उमलत होती, लोक टाळ्या वाजवत होते, आणि मागच्या टेबलावरची एक बाई म्हणाली, "लाडावून ठेवलं की असंच होतं." सोनिका गर्रकन वळली, पण हातात मुलगी होती.

कुसुमताई उठल्या. ज्यांना जिने चढताना माझा हात लागतो, त्या टेबलाखाली वाकल्या आणि फरशीवर बसल्या. "आण इकडे," म्हणाल्या. चिनूला मांडीत ओढलं, दोघींच्या डोक्यावरून शाल घेतली, वर टेबलाच्या कापडाची कड ओढली. तिचा एक कान त्यांनी आपल्या छातीशी दाबला, दुसऱ्यावर तळवा ठेवला. मीही खाली शेजारी बसले होते म्हणून मला ऐकू आलं. त्या काही म्हणत नव्हत्या, ना स्तोत्र, ना "बोल बाळा". नुसता एक लांब हुंकार, जातं फिरताना येतो तसा. बार होत राहिले, हुंकार चालू राहिला. किंकाळ्यांचं हुंदक्यांवर आलं. मग हुंदकेही थांबले.

आतषबाजी संपली. दिवे लागले. शाल बाजूला झाली तेव्हा चिनूचा चेहरा घामाने भिजलेला होता. तिची एक मूठ घट्ट मिटलेली होती. तिने ती उघडली. आत चेपलेली एक बुंदी होती, ताट पडलं तेव्हा कधीतरी धरून ठेवलेली. तिने ती दोन बोटांत उचलली आणि आजीच्या ओठांशी नेली.

चिनू स्वतःहून कोणाला काही भरवत नाही. कार्ड देते ते काही हवं असतं म्हणून. हे तसं नव्हतं. तिला काहीच नको होतं.

कुसुमताईंनी माझ्याकडे पाहिलं. आणि वरून सोनिकाचा आवाज आला, घाईघाईने, "आई, थांबा. नका खाऊ. तुमचा नवस..."

म्हणजे तिलाही आशा होतीच. इतकं बोलली, तरी.

चिनूचा हात तसाच होता. मघाशी सौरवचा होता तसा. तो थोडा खाली येऊ लागला. कुसुमताईंनी तोंड उघडलं आणि बुंदी घेतली. हरभऱ्याएवढी ती, पण किती वेळ चघळत होत्या. चिनू त्यांचं तोंड हलताना पाहत होती.

परतताना गाडीत, अंधारात कुसुमताई म्हणाल्या, "सोनिका, तुह्या त्या कार्डांत बुंदीचं आहे का?"

"नाही आई."

"एक करून दे. मले दे, तिले नको. मी तिच्यापाशी मागत जाईन."

सोनिका खिडकीबाहेर पाहत रडत होती, पण "हो" म्हणाली.

त्याला आता दोन महिने होत आले. चिनू अजून बोलत नाही. मंडळात कुसुमताई प्रसाद घेतात, कपाळाला लावतात आणि रुमालात बांधून घरी नेतात. इंदुताई म्हणतात, "माझं वजन उतरलं, पण चुकल्यासारखं वाटते." घरी बुंदीचं कार्ड चिनूपुढे धरतात; तिची मर्जी असेल तर ती आजीला त्यातलं भरवते, नसेल तर प्रसाद मुंग्यांना जातो. दुसऱ्या कोणाच्या हातचं गोड त्या अजून घेत नाहीत.

मला मात्र त्या अधूनमधून विचारतात, दरवेळी नवीनच विचारल्यासारखं. "नीला, ते बोलणार असेल आणि त्या एका दाण्यापायी राहून गेलं असेल तर?" मी म्हणते, देव एवढा हिशोबी नसतो. मी म्हणते खरी, पण रात्री दिवा लावताना माझ्याही मनात ते येतंच.

परवा मंगळवारी आम्ही टेकडीवर गेलो होतो. कुसुमताई बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या. पायऱ्या उतरताना म्हणाल्या, "आज काही मागितलंच नाही गेलं. काय मागावं ते समजत नाही वं."

मी म्हटलं, "मग पुढच्या खेपेला चिनूला आणू. ती नुसती घंटेकडे पाहत बसेल."

"घंटेचा आवाज सोसेल तिले?"

"हेडफोन घालू."

त्यांनी पायरीवर थांबून थोडा विचार केला. मग पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "चाल. देवाले काय, हेडफोन घातलेली पोरगीही दिसते."