नळीच्या तोंडावरचा ओरखडा

काल बायकोने शिलाई मशिनला तेल घातलं आणि त्या वासासरशी मी आखातातल्या अराद गावच्या अंगणात जाऊन उभा राहिलो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या अरबाबकडे, म्हणजे मालकाकडे, सशांच्या शिकारीसाठी पॉइंट टू-टू रायफल होती. मी फिटर, म्हणून ती साफ करायचं काम माझ्याकडे आलं. पाइप साफ करतात तशी मी लोखंडी सळी नळीच्या पुढच्या तोंडातून घातली आणि जोर लावून घासली. नळी आतून लख्ख झाली, पण तोंडाच्या कडेला बारीक ओरखडा पडला. तो नखाला लागला. एवढ्याने काय होतंय, म्हणून मी वरून तेल फिरवलं.

शुक्रवारी अरबाबने वाळवंटात डबे मांडले. गोळ्या कुठच्या कुठे जायला लागल्या आणि तो ओरखडाच नेम बिघडवतोय हे मला कळून चुकलं.

"किसने गिराया इसको?" त्याने विचारलं.

"गाडी में लगा होगा," मी पटकन बोलून गेलो.

गाडी चालवायचे रत्नागिरीचे हमीदभाई. ते रायफल स्वतःच्या चादरीत गुंडाळून आणत. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. माझा व्हिसा नवा होता.

"हां अरबाब, मेरी गलती," ते म्हणाले.

त्यांना पुन्हा कधी शिकारीला नेलं नाही.

संध्याकाळी खोलीवर त्यांनीच चहा केला. कप हातात देत हळूच म्हणाले, "सळी मागनं घालायची असते रे."

आणि मी? चहात साखर कमी आहे म्हणालो.