दादाची परात

वहिनीचा फोन आला तेव्हा मी खोपोलीत कामावर निघालो होतो. "भाऊजी, ह्यांना झटका आला… उठतच नाय हो," एवढंच ती म्हणाली. मी पोशीरला पोचेपर्यंत माझा दादा गेला होता. महिना होऊन गेला त्याला. भेटायला आलेले लोक म्हणाले, सुटला बिचारा. मला त्या शब्दाचा अजून राग येतो.

दादा टेंपो चालवायचा. रस्त्यात म्हैस बसली तर हॉर्न न वाजवता खाली उतरून "चल गं बाय" म्हणणारा माणूस! कळंबच्या रस्त्याला त्याची मोटरसायकल घसरली, तेव्हा हेल्मेट हँडलला लटकत होतं. कित्येक दिवसांनी तो शुद्धीवर आला, घरी आला आणि शिव्या द्यायला लागला. वहिनीच्या अंगावर ताट भिरकावायचा आणि पाच मिनिटांनी तिलाच विचारायचा, "का रडतेस गं?" गावात कुणी म्हणालं, प्यायला लागलाय, कुणी म्हणालं, बाहेरची बाधा आहे. मी म्हणायचो, मुद्दाम करतो.

डॉक्टरबाईंनी आम्हाला समोर बसवून समजावलं. "हा स्वभाव नाही, मेंदूला झालेली जखम आहे. वाद घालू नका. एका वेळी एकच गोष्ट सांगा, भोवती गोंगाट नको. हाताला रोजचं ठरलेलं काम द्या." औषधं सुरू झाली. काम वहिनीने शोधलं. एका सकाळी तिने मोड आलेले वाल परातीत घालून त्याच्यापुढे ठेवले. चिमटीत दाबला की वाल सालीतून अलगद सुटतो… दादा तासभर सोलत बसला. मग ते रोजचंच झालं. राग चढताना दिसला की ती न बोलता परात पुढे सरकवायची. शिव्या थांबल्या नाहीत, पण घरात पुन्हा जेवणं होऊ लागली.

माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले, ते थोरल्याचं घर म्हणून दादाकडेच. बाप्या माणूस वाल सोलत बसलेला दिसायला नको, म्हणून मी परात आत नेऊन ठेवली. खोलीत दहा माणसं, दहा आवाज. "माझी परात कुठं हाय?" त्याने दोनदा विचारलं. मी म्हटलं, नंतर. तिसऱ्यांदा चहाचा ट्रे भिंतीवर आदळला आणि पाहुण्यांना नको ते ऐकावं लागलं. मी सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत मारली. तो गालावर हात ठेवून अगदी पूर्वीच्या आवाजात म्हणाला, "मारलंस रं मला, बाळ्या?"

दुसऱ्या दिवशी त्याला काही आठवत नव्हतं. सकाळी काय खाल्लं तेही त्याच्या लक्षात राहत नसे. मीही माफी मागितली नाही. विसरलाय तर कशाला उकरायचं… सोयीचं होतं मला ते. त्यानंतर मी जायचो तेव्हा तो रिकामे हात मांडीवर ठेवून बसलेला दिसायचा. मला वाटलं, कंटाळला असेल त्या कामाला.

परवा गेलो तर वहिनीने सवयीने वाल भिजवले होते. मी विचारलं, "दादाने हे सोडलं होतं ना?"

ती म्हणाली, "सोडलं कुठं? तुमची गाडी वाजली का ह्येच परात खाटेखाली सारायचे. म्हनायचे, बाळ्या आला, त्याला लाज वाटते."

मला रडू आवरेना. थोड्या वेळाने मी खाली वाकून खाटेखालची परात ओढली. तिच्यात दादा गेला त्या सकाळचे, धावपळीत तसेच खाली सारलेले, अर्धे सोललेले वाल होते, वाळून कडक झालेले. वहिनीने ते काढले नव्हते. मीही काढले नाहीत.