शोभाताईची भूक

“आता त्रास मानेतल्या ग्रंथींचा आहे,” असं अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी डायलिसिसच्या खाटेवर होते. आजाराचं नाव हायपरपॅराथायरॉइडिझम. गळ्यात थायरॉइडच्या मागे डाळीच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. किडनी निकामी झाली की त्या फुगतात आणि हाडांतलं कॅल्शियम ओढतात. रक्त हाडांच्या आतच तयार होतं, तेही मग अडतं. म्हणून रक्तवाढीची इंजेक्शनं घेऊनही माझं हिमोग्लोबिन चढत नव्हतं.

त्या ग्रंथी काढायचं ऑपरेशन करू म्हणाले. मी घाबरून नाही म्हटलं.

शेजारच्या खाटेवरची, चांदूर रेल्वेची शोभाताई मात्र अकोल्याला जाऊन तेच ऑपरेशन करून आली. आम्ही बरोबरच डायलिसिसला लागलो होतो. दोघींची हाडं ठणकायची, अंगाला खाज सुटायची, दोघींना अन्न बघून मळमळायचं.

काही महिन्यांत तिच्या तोंडावर तेज आलं. ती डबा आणू लागली. भाकर आणि अंड्यातलं पांढरं मिटक्या मारत खायची, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडायची. नर्स तिचा रिपोर्ट वाचायला लागली की माझे कान तिकडे. तिचं वजन वाढलं की मला राग यायचा. एकदा तिला ताप भरला तेव्हा मला बरं वाटलं, खरं सांगते.

तिला ते कळत होतं. एक दिवस डबा झाकत म्हणाली, “जळून रक्त वाढते काय वो? तू बी जाय अकोल्याले. मी येतो संगं.”

आणि खरंच आली. ऑपरेशननंतर माझ्या ओठांभोवती मुंग्या आल्या, बोटं आखडली. हाडं उपाशी होती, ती आता रक्तातलं कॅल्शियम शोषून घेतायत, असं डॉक्टरांनी समजावलं आणि सलाईनमधून कॅल्शियम सुरू केलं. शोभाताई बोटं चोळत बसली. तिला यातलं काहीच झालं नव्हतं. त्याचाही मला हेवा वाटला.

हिमोग्लोबिन लगेच नाही, हळूहळू चढलं. अंगाची खाज आधी गेली. मग एका दुपारी नांदगावला घरी जेवताना मी सासूबाईंना आणखी अर्धी भाकर मागितली. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. “अर्धी कावून, पुरी घे,” म्हणाल्या, आणि तव्याकडे वळून पदरानं डोळे पुसले.

सगळ्यांनाच एवढा गुण येईल असं नाही. डायलिसिस माझं चालूच आहे, आणि शोभाताईचं हिमोग्लोबिन आजही माझ्यापेक्षा जास्त आहे. ते मला टोचतं. पण ती डायलिसिसच्या एखाद्या पाळीला आली नाही, तर मी आधी तिला फोन लावते.