उंबऱ्याबाहेरची हाक

हाकवाली मावशी गौरीच्या गोफात कधी पाय ठेवीत नसे, आणि तिच्यावाचून आमच्या परळच्या चाळीतला गोफ एक पाऊलही पुढे सरकत नसे. आठ बायका खोलीत नाचत. मावशी उंबऱ्याबाहेर गॅलरीत, गौरीकडे पाठ करून बसे आणि तिथून हाक देई, "आत... बाहेर... आत... बाहेर..." ती विधवा होती, म्हणून गौरीसमोर यायचे नाही. पण फळ्यांच्या जमिनीवर कोणाचा पाय कुठे पडला हे तिला आवाजावरून कळे. "मुकादमीणबाई, टाच उचला, म्हैस चालली वाटतं," असे ती पाठमोरीच ओरडे आणि आत हशा पिके.

मी लग्न होऊन आले त्या वर्षी मला मात्र हसू येत नव्हते. आमच्या चाळीची रीत अशी, की नव्या सुनेने पहिल्या गौरीला गोफाची एक दोरी धरायची. जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या वळून केलेल्या आठ दोऱ्या मुकादमांच्या खोलीतल्या तुळईला बांधत. चौघी एका अंगाने, चौघी उलट अंगाने, एकमेकींच्या आतून बाहेरून जात गोफ विणायचा, आणि मग तीच पावले उलटी टाकून तो उकलायचा. उकलला तर वर्ष सुखाचे. गाठ बसून कापावा लागला, तर ज्या बाईचे पाऊल चुकले तिचा पायगुण वाईट.

माझ्या पायगुणाचे बोलणे आधीच सुरू झाले होते. मी घरात आले आणि महिन्याच्या आत धाकट्या दिरांचे बोट गिरणीत साच्यात सापडून तुटले. सासूबाई भाकरी थापता थापता एकदा एवढेच म्हणाल्या, "गौरीपुढं कळतंच सगळं. गोफ अडला तर भाऊबिजेला माहेरी जाशील ती तिकडंच राहा."

मावशी चाळीतल्या घरांची दळणे दळून पोट भरी. आमचे जोंधळे तिच्याकडे न्यायचे काम माझे. मी जात्यापाशी गप्प बसून राहिले तेव्हा तिने एकदाच माझ्या तोंडाकडे पाहिले आणि विचारले, "गोफाची धास्ती घेतलीस काय गो?" मी मान हलवली. तिने फडताळातून मूठभर चिंचोके आणले, चार अख्खे, चार फोडून पांढरे केलेले, आणि जमिनीवर फेर मांडला. "ही मुकादमीण. ही तुझी सासू, बघ कशी फुगलीय. आणि हा चिमुकला चिंचोका तू." मग एका हाताने दळत, दुसऱ्या हाताने चिंचोके सरकवत तिने मला सगळा गोफ शिकवला.

रोज दुपारी मी जाई आणि रोज चुके. एकदा रडूच आले. म्हटले, "मावशी, मला फार भीती वाटते." ती म्हणाली, "मग भी की. भिणाऱ्या बाईचं ध्यान तरी असतं. न भिणारी आधी आपटते." ती स्वतः तीन गौरींना नाचली होती. चौथ्या वर्षी नवरा पटकीने गेला. हे तिने मला जोंधळे निसताना सांगितले, खडा सापडला की बाजूला टाकावा तसे, आणि लगेच म्हणाली, "चल, आत... बाहेर..."

गौरीचा दिवस आला. पुरुष गिरणीत होते, दुपारची वेळ, खोलीत बायका दाटीवाटीने भिंतीला टेकून बसलेल्या. माझ्या हातातली दोरी घामाने ओली झाली होती. बाहेरून हाक आली आणि पाय आपोआप निघाले. अर्धा गोफ विणून झाला, मला वाटले, जमले. तेवढ्यात भिंतीजवळ कोणीतरी कुजबुजले, "हीच ती, दिराचं बोट..." हाक आली "बाहेर" आणि मी आत गेले. समोरून येणारे पाय क्षणभर थबकले, आणि मला वाट देऊन बाजूने निघून गेले. माझी मान खाली होती. ते कोणाचे, हे बघायचे धैर्य झाले नाही.

गोफाचे वाईट हे, की चूक तेव्हा दिसत नाही. ती विणीत बसते आणि तिच्यावर आणखी वीण चढत जाते. मी थांबले नाही, बोलले नाही. नाचत राहिले. प्रत्येक पावलाला मनात म्हणत होते, गौरीमाये, सुटू दे, एवढ्या वेळेला सुटू दे. उलटी पावले सुरू झाली. वेणी उकलत उकलत डोक्याच्या वर हातभर राहिली आणि तिथे अडली. दोऱ्या ताणल्या, सुटेनात.

मुकादमीणबाईंनी हातातली दोरी सोडून दिली. "कोणाचं पाऊल चुकलं?" सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. मी अडलेल्या गाठीकडे बघत राहिले.

"पाऊल कोणाचं नाही चुकलं," उंबऱ्याबाहेरून आवाज आला. मावशी अजून पाठमोरीच होती. "हाक माझी चुकली. दोनदा 'आत' बोलले मी."

"इतक्या वर्षांत कधी चुकली नाहीस ती?"

"आज चुकले. म्हातारपण, बाई."

ती तेव्हा चाळिशीची असेल. नाचाच्या धांदलीत कोणती हाक नेमकी कधी आली, हे छातीठोक सांगायला कोणी पुढे आले नाही. मुकादमीणबाईंनी विळा मागवला आणि गोफ कापला. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, हे मी खोटे कशाला लिहू? उतरला.

पुढच्या महिन्यात मुकादमांचा नातू तापाने महिनाभर अंथरुणाला खिळला. पोर वाचले, पण दोष मावशीच्या माथी आला. कपाळ पुसलेल्या बाईला हाक द्यायला बसवायलाच नको होते, असे बायका पाणी भरताना बोलू लागल्या. एकेका घराने तिच्याकडे दळण देणे बंद केले. आमच्या घरानेही केले. मी एकदा चोरून तिच्याकडे गेले. जाते रिकामे होते. म्हटले, "मावशी, तुम्ही चुकला नव्हता. मी सगळ्यांना सांगते."

"ठाऊक आहे मला. 'बाहेर' म्हटलं तेव्हा तुझी जोडवी आत वाजली." मग ती माझ्यावर रागावली. एरवी कधी रागावली नव्हती. "सांगशील आणि जाशील कुठं? मला ह्या चाळीतून उठून दुसरीकडं जाता येतं. तुला एकच घर आहे. जा, जोंधळे सांडतील तुझे." माझ्या हातात जोंधळे नव्हतेच.

शिमग्यानंतर ती धक्क्यावरून आगबोटीने गावी गेली. तिला पोचवायला कोणी गेले नाही. मीही नाही. सासूबाई घरात होत्या.

पुढच्या गौरीच्या आधी बायका गोफाच्या तयारीला जमल्या. हाक द्यायला मुकादमीणबाई स्वतः बसल्या. तीनदा विणला, तीनदा गुंता झाला. त्या चिडून म्हणाल्या, "ती बया गेली, पण दोष इथंच ठेवून गेली." दोरी मी हातातच धरून ठेवली, नाहीतर बसलेच असते.

"हाक बरोबर होती," मी म्हटले. "गेल्या वर्षी पाऊल माझं चुकलं होतं."

सासूबाई माझ्या समोर उभ्या होत्या. आता मला बोचके बांधायला सांगणार, असे मला वाटले. त्या खाली बघत म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. तुला वाट देणारे पाय माझेच." मग दोरीचा पीळ सारखा करीत म्हणाल्या, "घरच्या सुनेचं नाव निघण्यापरीस परकीचं निघालं, म्हणून गप्प बसले."

मुकादमीणबाई म्हणाल्या, "मग आता तिला बोलावणार कोण?" आमच्या चाळीतल्या बायकांत लिहिता येणारी मी एकटी. माहेरी चार इयत्ता झाल्या होत्या. पोस्टाचे कार्ड आणवले. बायका भोवती बसल्या आणि मी लिहिले, की चूक माझी होती, सर्वांना कळले आहे, आपण यावे. सासूबाई म्हणाल्या, "माझंही नाव घाल." ते घातले.

त्या गौरीला गोफ बांधला नाही. उत्तर अजून आलेले नाही. मधूनमधून गावाकडची माणसे येतात, कोणी म्हणते दिसली होती, कोणी म्हणते नाही. टपालवाला चाळीच्या जिन्यात शिरला की बायका आपापल्या दारात येतात आणि माझ्याकडे बघतात. कार्ड आले, तर त्यात काय असेल ते सगळ्यांसमोर मलाच वाचून दाखवावे लागेल.